पक्की प्रत कोणी काढली?

लेखक कशाने लिहितो याची टीकाकाराने दखल घ्यावी काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्याकडचे बहुतेक जाणकार हसतील. बोरू काय, टाक काय आणि बॉलपेन काय; साहित्य लेखकाच्या मनातून उतरते, हातातल्या काडीतून नव्हे, असे ते म्हणतील; आणि त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि गेल्या पन्नास वर्षांत एक अवजार असे आले की, त्याच्याबद्दल टीकाकारांना गप्प बसता आले नाही. घरगुती कॉम्प्युटरवर चालणारा वर्ड प्रोसेसर हे ते अवजार. १९७६ पासून १९९० पर्यंत अमेरिकेत त्याच्यावर परीक्षणे झाली, स्तुतिपर लेख आले, मृत्युलेखाच्या थाटाचे इशारे आले आणि एका लेखावर तर वाचकांनी पत्रांचा मारा केला. ही समीक्षा कोणी चांगली केली, कोणी वाईट केली आणि तिच्या नजरेतून काय निसटले, एवढे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; इंग्रजी वाचते ती शब्दकोश शेजारी ठेवून. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालते ते मला सांगता येणार नाही. परंतु लिहिलेले पुन्हा लिहिणे म्हणजे काय, ते मला चांगले ठाऊक आहे. शाळेतल्या मुलाजवळ एक कच्ची वही असते आणि एक पक्की वही असते. वर्ड प्रोसेसरचा सगळा वाद वस्तुतः या दोन वह्यांमधल्या अंतराचा आहे, असे माझे मत आहे. ते अंतर कोणाच्या तरी हाताला तोडावे लागत असे. तो हात कोणाचा, हे मात्र पुष्कळ टीकाकारांनी विचारले नाही.

१

आजच्या वाचकाला जुनी अडचण थोडी समजावून सांगितली पाहिजे. टाइपरायटरवर पान पुरे झाले आणि मधला एक परिच्छेद काढावासा वाटला, की ते पान पुन्हा टाइप करावे लागे, आणि बहुधा त्यापुढची पानेही. पांढरा रंग लावून चुकलेले अक्षर झाकता येई. चुकलेला विचार झाकता येत नसे. मोठ्या कचेऱ्यांसाठी यावर तोड निघाली होती. आय.बी.एम. कंपनीने १९६४ साली चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा टाइपरायटर बाजारात आणला. लेन डाइटन या इंग्रज कादंबरीकारांची 'बॉम्बर' ही १९७० सालची कादंबरी त्याच यंत्रावर तयार झाली. ते यंत्र इतके अवजड होते की, डाइटन यांच्या लंडनमधल्या घराची खिडकी काढून ते क्रेनने आत घ्यावे लागले.

सामान्य लेखकाच्या टेबलावर ही सोय आली ती १९७६ च्या डिसेंबरात, मायकेल श्रेयर यांच्या 'इलेक्ट्रिक पेन्सिल'मुळे. श्रेयर हे मूळचे चित्रपटाच्या धंद्यातले. त्यांनी हौसेने कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्राम रचला. त्याची माहितीपुस्तिका टाइपरायटरवर बडवत बसण्याऐवजी ती कॉम्प्युटरवरच का लिहू नये, असे त्यांच्या मनात आले, आणि त्यातून ही 'पेन्सिल' निघाली. दोन वर्षांनी, १९७८ साली, मायक्रोप्रो कंपनीचा 'वर्डस्टार' आला. सेमूर रुबिनस्टाइन हे त्या कंपनीचे मालक आणि रॉब बार्नबी हे प्रोग्राम लिहिणारे. पुढच्या पाच-सहा वर्षांत 'ॲपल रायटर', 'ईझीरायटर', 'वर्डपरफेक्ट', मायक्रोसॉफ्टचा 'वर्ड', 'मॅकराइट' अशी रांगच लागली.

या मालाची पहिली परीक्षणे साहित्यिकांनी केली नाहीत. ती 'बाइट', 'इन्फोवर्ल्ड', 'पीसी मॅगझिन' अशा कॉम्प्युटरच्या मासिका-साप्ताहिकांतून आली. ती लिहिणाऱ्यांची नावे साहित्याच्या कोणत्याही इतिहासात सापडणार नाहीत. तरीदेखील मला असे वाटते की, या सबंध प्रकरणात समीक्षेचा धर्म सर्वांत चोखपणे कोणी पाळला असेल तर तो याच मंडळींनी. ते वस्तू घरी नेत, तिच्यावर काम करीत आणि ती कोठे तुटते ते सांगत.

दोन-तीन उदाहरणे पाहावीत. रेडिओ शॅकचा 'टीआरएस-८०' हा १९७७ सालचा स्वस्त कॉम्प्युटर पुष्कळ खपला. पण खर्च वाचवण्यासाठी त्यात स्मृतीची एक चिप कमी घातली होती, आणि त्यामुळे पडद्यावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे उमटत. लहान अक्षरे नाहीतच. त्यावर 'इलेक्ट्रिक पेन्सिल' नीट चालवायची तर यंत्र उघडून जादा चिप बसवून घ्यावी लागे. त्याच सालच्या 'ॲपल टू'वर एका ओळीत ४० अक्षरे मावत, तीही मोठीच. मराठी लेखकाने अशी कल्पना करावी की, आपल्याला उत्तम लेखणी मिळाली आहे, फक्त तिच्यातून ऱ्हस्व वेलांटी उमटत नाही. परीक्षकांनी हे दोष नोंदवले आणि ते कसे दूर करता येतील तेही सांगितले. 'वाङ्मयाचे भवितव्य' हा शब्दप्रयोग त्यांना सुचला नाही. सुचला नाही तेच बरे झाले.

'वर्डस्टार'च्या बाबतीत त्यांचा निकाल साधारण असा होता: ताकद मोठी, शिकणे कठीण. पान कोठे संपणार ते पडद्यावरच दिसे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. परंतु हुकूम द्यायचा तर 'कंट्रोल'ची कळ दाबून दुसरी एखादी कळ दाबायची. अनेक यंत्रांना बाणांच्या कळा नसत, म्हणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जाण्यासाठी ई, एक्स, एस आणि डी या चार अक्षरांचा उपयोग केलेला. पुस्तिका दुर्बोध, आणि किंमत ४९५ डॉलर. नवशिक्याला घाम फुटावा अशीच ही सामग्री होती. पण ज्यांनी ती आत्मसात केली त्यांना ती सोडवेना, कारण बोटे मूळ जागेवरून हलवावीच लागत नसत. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे गाजलेले कादंबरीकार आपण अजून 'वर्डस्टार'वरच लिहितो असे २०१४ साली सांगत होते. तात्पर्य, अवजाराचा पहिला दिवस आणि हजारावा दिवस यांची परीक्षा वेगवेगळी असते. पहिल्या दिवसाचे परीक्षण पुष्कळांनी लिहिले. हजाराव्या दिवसाचे लिहिले ते जेरी पूर्नेल या विज्ञानकथालेखकाने. १९८० पासून 'बाइट'मध्ये त्यांचे सदर चाले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कादंबऱ्यांच्या घाईगर्दीत यंत्र कसे वागले, हाच त्यांचा विषय. सदर बढाईखोर होते, पसरट होते. पण त्यात काम करणारा माणूस दिसत असे.

'ईझीरायटर'ची हकीकत याहून बोधप्रद आहे. जॉन ड्रेपर या गृहस्थांनी टेलिफोनच्या तारांशी केलेल्या उद्योगांबद्दल शिक्षा भोगत असतानाच त्याचा काही भाग लिहिला होता. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.ने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला आणि त्यासाठी हाच प्रोग्राम निवडला. एवढ्या मोठ्या घराण्याचा शिक्का बसलेला. तरी परीक्षकांनी भीड धरली नाही. हा माल आय.बी.एम.च्या लौकिकाला शोभत नाही, असे त्यांनी लिहिले. पुढे कंपनीने सुधारलेली आवृत्ती काढली आणि आधीच्या गिऱ्हाइकांना ती फुकट बदलून दिली. वाईट परीक्षणे आली म्हणून कादंबरीची सुधारलेली प्रत वाचकाला बदलून मिळाल्याचे उदाहरण आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही.

शिक्षिका म्हणून मला 'बँक स्ट्रीट रायटर' विशेष महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेज ऑफ एज्युकेशन या संस्थेचा त्यात हात होता, आणि १९८२ साली तो मुलांसाठी म्हणून निघाला. सूचना पडद्यावरच लिहिलेल्या, हुकूम थोडे. त्यामुळे त्याचे कौतुक झाले. परंतु त्यात लिहिण्याची अवस्था वेगळी आणि दुरुस्तीची वेगळी केली होती. मागच्या ओळीतला शब्द बदलायचा तर लिहिणे थांबवून दुसऱ्या अवस्थेत जायचे. हा दोष परीक्षकांनी दाखवला. कोणाला ही बारीकसारीक तक्रार वाटेल. मला ती लेखनप्रक्रियेवरची नेमकी टीका वाटते. मूल आधी लिहिते आणि मग दुरुस्त करते, हे शिक्षकाच्या टाचणवहीत खरे असते. प्रत्यक्षात ते लिहिता लिहिताच मागे वळते, एक शब्द खोडते आणि पुढे जाते.

२

आता साहित्यिकांकडे वळू. येथे दोन प्रकारचे लोक भेटतात. ज्यांनी यंत्र वापरले आणि आपल्याला काय झाले ते सांगितले, ते एक. ज्यांनी यंत्राकडे पाहून साहित्याचे भविष्य वर्तवले, ते दुसरे.

पहिल्या प्रकारात जेम्स फॅलोज यांचा लेख अग्रगण्य मानावा लागेल. तो 'अटलांटिक' मासिकाच्या जुलै १९८२ च्या अंकात आला. त्यांच्याजवळ 'सोल-२०' नावाचा कॉम्प्युटर होता आणि त्यावर ते 'इलेक्ट्रिक पेन्सिल' चालवीत. आपल्याला पहिले सहा महिने पहिला खर्डा यंत्रावर करणे अवघड गेले आणि मग दुसऱ्या कशावर करणे अवघड झाले, अशा स्वरूपाची त्यांची साक्ष आहे. ती साधी आहे, आणि म्हणूनच उपयोगी आहे. विल्यम झिन्सर हे लेखनकलेवरच्या एका प्रसिद्ध पुस्तकाचे कर्ते. त्यांनी १९८३ साली वर्ड प्रोसेसरवर लिहिण्याबद्दल स्वतंत्र पुस्तकच लिहिले. यंत्राला भिणाऱ्या माणसाने भिणाऱ्या माणसांसाठी लिहिलेले हे पुस्तक आहे. वाक्यातले गवत उपटायला यंत्रामुळे सोपे जाते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुढे काही वर्षांनी त्यांनी त्यात भर घातली: या यंत्राने चांगले लेखक अधिक चांगले झाले आणि वाईट लेखक अधिक वाईट, कारण वाईटाला आपले वाक्य पडद्यावर फार देखणे दिसू लागले. या एका निरीक्षणासाठी झिन्सर यांचे शंभर उपदेश माफ करावेत.

दुसऱ्या प्रकाराचा मासला म्हणून गोर व्हिडाल यांचे नाव घेता येईल. वर्ड प्रोसेसरमुळे साहित्याची कल्पनाच पुसली जात आहे, अशा अर्थाचे विधान त्यांनी १९८४ साली 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये ओघाओघात केले. व्हिडाल मोठे निबंधकार होते, आणि 'पुसणे' या शब्दावर केलेली कोटी झकास आहे. पण ती कोटीच आहे. कोणत्या कादंबरीतले कोणते पान यंत्राने बिघडवले, हे त्या विधानात नाही. 'बॉम्बर' येऊन तोवर चौदा वर्षे झाली होती, आणि तिच्या कोणत्याही पानावरून ती कशावर तयार झाली हे वाचकाला ओळखता येत नाही. सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे विधान करणे ही टीकाकाराची चैन असते. आपल्या व्यासपीठांवरूनही ती पुष्कळदा चालते. आधी रेडिओने वाचन संपवले, मग दूरदर्शनने संपवले, मग मोबाइलने. इतक्यांदा संपलेल्या गोष्टीचा हा एवढा जाड दिवाळी अंक वाचकाच्या हातात कसा, याचा खुलासा वक्ते करीत नाहीत.

शिक्षकांनीही या वादात उडी घेतली. डेलावेअर विद्यापीठातल्या मार्शा हॅलिओ यांचा एक लेख १९९० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. नव्या विद्यार्थ्यांपैकी जे मॅकिन्टॉशवर लिहीत त्यांची वाक्ये सोपी, विषय हलके, जे आय.बी.एम.च्या यंत्रावर लिहीत त्यांची वाक्ये गुंतागुंतीची, विषय गंभीर, असे त्यांना आढळले. चित्रांचे, खेळण्यासारखे दिसणारे यंत्र विद्यार्थ्याला पोरकट करते काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. लेखाने मोठी खळबळ उडाली, आणि लेखन शिकवणाऱ्या इतर अध्यापकांनी तो धारेवर धरला. त्यांचा एक आक्षेप निर्णायक होता: कोणत्या यंत्राच्या वर्गात बसायचे ते विद्यार्थ्यांनी स्वतःच निवडले होते. चित्रांची आवड असलेला मुलगा चित्रांच्या यंत्राकडे जाणारच. मग निबंध हलका झाला तो यंत्रामुळे की मुलामुळे? वीसएक वर्षे निबंध तपासल्यावर मी एवढे सांगू शकते की, वाक्य लांब असणे हे विचार खोल असल्याचे लक्षण नव्हे. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर मला दीड पानाचे एक वाक्य मिळालेले आहे. त्यात ऋतू सहाही होते. आवडता कोणता, ते कळले नाही.

तरीही हॅलिओ यांच्या बाजूने एक शब्द बोलला पाहिजे. त्यांची पद्धत सदोष होती, पण त्यांनी प्रत्यक्ष निबंध समोर ठेवून विधान केले. म्हणूनच ते तपासता आले आणि खोडून काढता आले. खोडता येईल असे लिहिणे हा टीकेतला प्रामाणिकपणा होय.

३

या सबंध वादातले सर्वांत गाजलेले प्रकरण वेंडेल बेरी यांचे. हे केंटकी राज्यातले कवी, कादंबरीकार आणि शेतकरी. शेती घोड्यांनी करणारे. 'मी कॉम्प्युटर का विकत घेणार नाही' या आशयाचे शीर्षक असलेला त्यांचा छोटा निबंध १९८७ सालचा. 'हार्पर्स' मासिकाने तो पुढे पुन्हा छापला. बेरी म्हणतात, मी दिवसाउजेडी कागदावर पेन्सिलीने किंवा पेनाने लिहितो, आणि माझी पत्नी ते १९५६ साली नवा घेतलेल्या रॉयल टाइपरायटरवर टाइप करते. मग हे दुसरे यंत्र हवे कशाला? नव्या साधनाने कोणत्या अटी पुऱ्या कराव्यात याची नऊ कलमे त्यांनी दिली आहेत. ते जुन्यापेक्षा स्वस्त असावे, लहान असावे, त्याचे काम उघडपणे अधिक चांगले व्हावे, ऊर्जा कमी लागावी, ते सामान्य माणसाला दुरुस्त करता यावे, घराजवळ मिळावे; आणि जे चांगले आधीपासून आहे, त्यात कुटुंब आणि शेजारधर्मही आला, ते त्याने मोडू नये. दान्तेपेक्षा सरस काव्य कोणी कॉम्प्युटरवर लिहून दाखवावे, आणि ते सरसपण कॉम्प्युटरमुळेच आले हेही दाखवावे. मग आपण या यंत्राबद्दल अधिक आदराने बोलू, असेही ते म्हणतात. विकत घेण्याचे तरीही कबूल करीत नाहीत.

ही नऊ कलमे मला मनापासून आवडतात. आपल्या शाळांतून नवी नवी यंत्रे येतात तेव्हा कोणी तरी ती मोठ्याने वाचून दाखवावीत, असे वाटते. परंतु 'हार्पर्स'च्या वाचकांची नजर कलमांवर गेली नाही. ती गेली टाइप करणाऱ्या पत्नीवर. पत्रे आली. एकाने उपरोधाने लिहिले की, बायको हे साधन सगळ्या अटींत बसते. वीज लागत नाही आणि घरीच मिळते. बेरी संतापले. त्यांनी तेथल्या तेथे उत्तर दिले, आणि पुढे एक मोठा निबंध लिहून संसार ही दोघांची भागीदारी असते, पत्नीने घरात केलेले काम म्हणजे गुलामी आणि तेच कचेरीत केले तर मुक्ती हे गणित कोणी घालून दिले, असा उलट सवाल केला.

या भांडणात कोण बरोबर? पत्रलेखकांचे म्हणणे असभ्य होते, पण अस्थानी नव्हते. फॅलोज असोत, झिन्सर असोत, पूर्नेल असोत. सर्वांच्या स्तुतीचे सार एकच: पुन्हा टाइप करणे सुटले. कॉम्प्युटरच्या मासिकांतल्या परीक्षकांनीही हेच काम वाया जाणारे श्रम म्हणून हिशेबात धरले. पण ते श्रम कोणाचे सुटले, हे कोणी स्पष्ट मांडले नव्हते. ज्यांच्या घरी टाइप करणारे कोणी नव्हते त्यांचे स्वतःचे सुटले. पुष्कळांच्या बाबतीत ते पत्नीचे, सेक्रेटरीचे किंवा पानावर पैसे घेणाऱ्या टायपिस्ट बाईचे सुटले. बेरी यांनी सरळपणे आपल्या टायपिस्टचा उल्लेख केला, म्हणून दगड त्यांना बसले. ज्यांनी तिचा उल्लेखच केला नाही ते निर्धास्त राहिले. मॅथ्यू किर्शेनबाउम यांनी वर्ड प्रोसेसरचा वाङ्मयीन इतिहास २०१६ साली प्रसिद्ध केला. डाइटन यांचे ते खिडकीतून आलेले यंत्र प्रत्यक्षात त्यांची सेक्रेटरी चालवीत असे, हे सांगून त्यांनी तिचे नावही नोंदवले आहे. 'बॉम्बर' निघाल्यानंतर या नोंदीला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

४

परंतु मला या प्रकरणात जे सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच आहे. बेरी यांच्या निबंधात एक वाक्य असे आहे की, त्याच्यावरून भांडणाऱ्यांची नजर घसरून गेली. ते सांगतात की, टाइप करताना पत्नीला जे खटकते तेथे ती समासात बारीकशी खूण करते. माझ्या नेहमीच्या चुका तिला सर्वांत जास्त ठाऊक असल्यामुळे तीच माझी सर्वांत चांगली टीकाकार आहे.

ही खूण म्हणजे काय, ते मी जाणते. लग्नापूर्वी तीन वर्षे मी माझ्या मामांच्या कादंबऱ्यांच्या पक्क्या प्रती काढून देत असे. मामांचे अक्षर मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी तसे; कंपोझिटरने ते हाती धरले नसते. रोज बारा पाने, एका बाजूला, समास सोडून. लोकांना वाटे, पोरगी नुसती उतरवून काढते. पण हाताने उतरवताना जितके सावकाश वाचले जाते तितके दुसऱ्या कोणत्याही रीतीने वाचले जात नाही. जे वाक्य लिहिताना हात दुखतो ते वाक्य लांब असते, हे मी तेथे शिकले. एकच उपमा चौथ्यांदा आली की बोटांना आधी कळे आणि डोळ्यांना नंतर. तेथे मी पेन्सिलीचा ठिपका देई. एकदा मी मामांना म्हटले, "मामा, या आत्याबाई सातव्या प्रकरणात वारल्या ना? अकराव्यात त्या पापड लाटतायत." मामा बराच वेळ हसले आणि म्हणाले, "लाटू दे गं चार पापड, मग नेऊ." पण दुसऱ्या दिवशी ते प्रकरण त्यांनी नव्याने लिहिले. छापील पुस्तकात त्या ठिपक्यांची नोंद नाही, आणि ती असावी असे तेव्हा मलाही वाटले नव्हते. मी कादंबरी लिहायला शिकले ती मात्र तेथेच.

आता मी स्वतःच्या कादंबऱ्या कॉम्प्युटरवर लिहिते. परिच्छेद उचलून दुसरीकडे नेता येतो, नाव एकदम सगळीकडे बदलता येते, आणि पक्की प्रत काढण्याचे काम उरतच नाही, कारण कच्ची वही आणि पक्की वही एकच झाली आहे. आमच्या घरातल्या एखाद्या मुलीने माझी चारशे पाने उतरवून काढावीत असे मी म्हणणार नाही. तिची तीन वर्षे तिची आहेत. त्या अर्थाने या यंत्राने न्याय केला, आणि त्याची स्तुती करणारे परीक्षक बरोबर होते. परंतु प्रतीचे श्रम गेले तेव्हा त्यांच्याबरोबर एक वाचकही गेला. तो छापण्यापूर्वीचा होता, सबंध पुस्तक शब्दन् शब्द वाचणारा होता, आणि लेखकाच्या खोडी ओळखणारा होता. परीक्षकांनी प्रत काढणे हे हाताचे काम समजून ते वाचले म्हणून आनंद मानला. पत्रलेखकांनीही ते हाताचेच काम समजले आणि म्हणून त्याला गुलामी म्हटले. व्हिडाल यांच्यासारख्यांना तर साहित्य जाताना दिसले, त्या कोपऱ्यातला माणूस उठून जाताना दिसला नाही. बेरी यांना तेवढा तो दिसला. पण त्यांनी त्याला दांपत्यजीवनाच्या गौरवात बसवून टाकले. लेखनाच्या व्यवहारात अशा वाचकाची गरज कशी भागवायची, हा प्रश्न तसाच राहिला.

तो अजून राहिला आहे. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारे यंत्र आले, आणि आता सांगाल त्या विषयावर वाक्ये पुरवणारे यंत्रही आले. त्याच्याबद्दल पुन्हा तेच दोन सूर ऐकू येत आहेत: सगळे सोपे झाले, आणि सगळे संपले. जुन्या परीक्षकांकडून शिकायचे ते एवढेच की, अवजार घरी न्यावे, त्यावर आपले काम करावे, ते कोठे तुटते ते तारखेनिशी सांगावे. आणि त्या परीक्षकांनी जे विचारले नाही तेही विचारावे, की या सोयीमुळे खोलीतून कोण उठून गेले. लाल रेघ चुकलेली वेलांटी दाखवते. आत्याबाई दोनदा मरत आहेत हे कदाचित उद्याचे यंत्र दाखवीलही. पण ही उपमा तुम्ही मागच्या पुस्तकातही वापरली होती आणि तेव्हाही ती तुम्हाला फार आवडली होती, हे सांगायला तुमच्याबरोबर दोन्ही पुस्तके जगलेले माणूस लागते.

मराठी पुस्तकांची एक चांगली चाल आहे. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार यांच्याबरोबर 'अक्षरजुळणी' अशी एक ओळ असते आणि पुढे नाव असते. कधी 'मुद्रितशोधन' अशीही असते. ज्याने अक्षरे जुळवली त्याचे नाव पुस्तकावर असावे, ही सभ्यता आपल्या धंद्याजवळ आहे. तिच्यात आणखी एका ओळीची भर पडावी, असे मला सुचवावेसे वाटते: 'पहिले वाचन'. ज्याने छापण्यापूर्वी सबंध पुस्तक सावकाश वाचले आणि समासात ठिपके दिले, त्याचे नाव तेथे यावे. आणि प्रकाशकाने त्याला त्या कामाचे पैसे द्यावेत. टीकाकारांनीही परीक्षणासाठी पुस्तक हाती घेतले की आधी ते पान उलटून पाहावे. तेथे ती ओळ नसेल, तर पुढची पाने थोडी अधिक सावकाश वाचावीत. कारण अशा पुस्तकाचे पहिले वाचक बहुधा तेच असतील.